चिमी अजून थोडे दिवस माझ्याकडेच राहील

प्रिय आई, प्रिय बाबा,

फोनवर बोलायला गेलं की एकतर मला रडू येतं नाहीतर बाबा "बरं बरं" म्हणून फोन आईकडे देतात, म्हणून लिहूनच पाठवतेय. मोठं झालंय. आई, चष्मा लाव आणि बाबांना सगळं वाचून दाखव, मधलं काही गाळू नको.

आपली माऊ, चिमी, बरी आहे, जेवते, अंग चाटते, रात्री माझ्या पायाशी येऊन झोपते. हे आधी सांगितलं कारण बाबा पहिलं तेच विचारणार. पण मी तिला एवढ्यात म्हार्दोळला परत आणणार नाहीये, आणि आणीन तेव्हाही ती बाहेर फिरणार नाही, घरात आणि बल्कावातच, म्हणजे पुढच्या ओसरीतच राहील. हे मी ठरवलंय. तुम्हाला न विचारता ठरवलं म्हणून राग आला असेल, येऊ दे, पण आधी वाचा.

बाबा म्हणत होते चवथीच्या फटाक्यांनी बिथरली. आईला वाटलं कुळागरात बिबटा येऊन गेला असणार, आणि सुलूमावशी तर मीठ-मिरच्या घेऊन दृष्ट काढायलाच बसली. मलाही आधी फटाकेच वाटले. पण फटाके थांबले तरी ती आजीच्या पेटाऱ्याखालून बाहेर येईना, ज्या सोप्यावर जन्मभर लोळली त्याच्यावरून उतरताना पंजा पुढे काढून चाचपडायला लागली, आणि बाबांनी नेहमीसारखं मागून उचललं तर फिस्कारून नखं मारली. आपली चिमी! भाटातल्या कुत्र्यांना वाट बदलायला लावणारी, १४ वर्षांची चिमी. आणि भर दुपारी उन्हातही तिचे डोळे काळेभोर, बाहुल्या पूर्ण उघड्या, ते मी पाहिलं तेव्हाच तिला पिंजऱ्यात घालून पणजीला आणली.

तिला दिसत नाहीये, आई. फोनवर मी "डोळ्याला थोडा त्रास आहे" म्हटलं होतं ते तू घाबरशील म्हणून. डॉक्टरांनी पुढच्या पायाला छोटासा पट्टा बांधून प्रेशर मोजलं, अगदी बाबांचं मोजतात तसंच, फक्त आधी तिला बराच वेळ शांत बसू दिलं आणि मग परत परत मोजलं, कारण घाबरलेल्या मांजराचं प्रेशर तसंही वर जातं. तरी वरचा आकडा २२० च्या आसपास. मांजराचा १४० च्या खाली असला तर ठीक, १८० च्या वर गेला की डोळे, मेंदू, हृदय, किडनी सगळ्यालाच धोका. तिच्या डोळ्यांच्या आतला पडदा सुटलाय, दोन्हीकडचा. रक्त तपासलं तर थायरॉइड ठीक निघालं, किडनी मात्र थकलीये. म्हाताऱ्या मांजरांत हे पुष्कळ होतं म्हणाले, किडनी थकते नाहीतर थायरॉइड वाढतं, त्याने प्रेशर चढत जातं, वरून काहीच कळत नाही, आणि मग एकदम दिसायचं बंद होतं. म्हणून ती घाबरत होती. कोण येतंय दिसत नाही आणि अचानक अंगाला हात लागतो, मग नखं बाहेर येणारच. बाबांवर तिचा राग नाहीये हो, तेवढं मनातून काढून टाका. आणि तुमच्या लक्षात कसं आलं नाही असा विचार दोघांनीही करायचा नाही, मांजरं दुखणं लपवतात, रोज पाहणाऱ्यापासून तर जास्तच.

नजर परत येईल का, ते डॉक्टर नक्की सांगत नाहीत. प्रेशर लवकर उतरलं तर कधीकधी पडदा परत बसतो आणि थोडंफार दिसायला लागतं. म्हणूनच घाई केली आणि म्हणूनच सध्या इथे ठेवलीये. गोळी रोज ठरलेल्या वेळेला जायला हवी, आठवड्याने परत प्रेशर मोजायचंय, त्यावर डोस बदलेल, आणि त्यासाठी म्हार्दोळहून पिंजरा घेऊन बसने बाणस्तारी, ओल्ड गोवा करत तुम्ही येणार हे मला चालणार नाही, बाबांच्या गुडघ्याला तर नाहीच. मी गाडी पाठवली तरी बाबा परत पाठवतील हेही मला माहितीय.

इथे तिला काही कमी नाही. एकच खोली दिलीये म्हणजे ती पटकन पाठ होते. पाण्याची दोन भांडी, एक खिडकीखाली, एक पलंगाजवळ, आणि मी ती हलवत नाही. वाळूचा ट्रे दुसऱ्या कोपऱ्यात. तारले उकडून काटे काढून देते, वर मासा उकडलेलं पाणी घालते, ते आधी पिऊन टाकते आणि मग मासा. सकाळी पोदेराचा, पाववाल्याचा, पोंपों ऐकला की कान टवकारते, तिला वाटत असणार आता आई दार उघडणार.

बाबा, लहानपणी पावसात वीज गेली की मी ओरडायचे आणि तुम्ही न्हाणीत असा, परसात असा, तिथूनच हाक द्यायचात, "हांव हांगाच आसां गो", मी इथेच आहे गं. कंदील नंतर यायचा, आवाज आधी. मला तेवढं पुरायचं. आता चिमीला हात लावायच्या आधी मी तसंच बोलते, नाव घेते, हळू जवळ जाते, बोटं हुंगायला देते आणि मगच उचलते. ती घरी आली की तुम्हीही असंच करा. तुमचा आवाज ती माझ्यापेक्षा जास्त ओळखते.

तर ती यायच्या आधी काय करायचं ते. शनिवारी जाळीवाला येणार आहे, पैसे मी दिलेत, त्याच्याशी भाव करत बसू नका. बल्कावाला पूर्ण जाळी आणि विहिरीवर लोखंडी झाकण. कठडा किती बुटका आहे ते मी सांगायला नको, आणि न दिसणारं मांजर तिथे चढलं तर मला विचारही करवत नाही. घरातलं सामान आता इकडचं तिकडे करायचं नाही, आई, दिवाळीची साफसफाई आली तरी पेटारा जागचा हलवू नको. पायऱ्यांपाशी पायपुसणं घाल म्हणजे तिला पायाला कळेल की इथून उतार आहे. फिनेलने पुसणं बंद, ते मांजरांना विषारी असतं.

खाण्याचं पण ऐक. हुमणातला, माशाच्या आमटीतला, भात नको, त्यात कांदा असतो आणि कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला बाधतो. सुकी सुंगटां (कोळंबी) आणि खाऱ्या बांगड्याचं डोकं तर अजिबात नाही, कितीही म्याव म्याव करू दे. तुला वाईट वाटेल माहितीय, १४ वर्षं तुझ्या हातचं खाल्लं म्हणूनच एवढी जगली.

आणि कळवळून ताप-बिप वाटला म्हणून क्रोसिन द्यायची नाही. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराला मारू शकते.

बाबा, आता तुमचं. हाताच्या ओरखड्याचं इंजेक्शन एकच घेऊन थांबलात असं आई म्हणाली. गोव्यात रेबीज आटोक्यात आहे, सरकारने २०२१ मध्ये तसं जाहीरही केलं, आणि चिमीला तो नाहीये असं डॉक्टरांचंही मत आहे. तरीही कार्डावरच्या तारखांना हेल्थ सेंटरला जायचं, थांबायचं की नाही ते तिथले डॉक्टर सांगतील, तुम्ही नाही. आणि परत कधी नख लागलंच तर साबणाने १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायचं, हळद लावून मोकळं व्हायचं नाही.

चिमीला जी गोळी लागू केलीये ना, ती अमलोडिपिन आहे. तुमचीच. तिला २.५ एमजीचा चौथा हिस्सा, तुम्हाला ५ ची अख्खी. तुमच्या पाकिटातली तोडून तिला द्यायची नाही, तिची वेगळी पाठवेन. पण हे कळल्यापासून मला झोप नाही, बाबा. तुम्ही "आज डोकं जड नाही, आज नको" म्हणून गोळी चुकवता, आई सांगते मला. चिमीचंही कधी डोकं जड झालेलं दिसलं नाही. मी ओरडत नाहीये. तुम्ही घ्या, एवढंच. सकाळच्या चहाबरोबर, रोज. फोंड्याला डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीये, पुढच्या बुधवारी, आई बरोबर येईल, बाहुलीत थेंब घालून आतला पडदा बघतात, दुखत नाही. त्या दिवशी नीट वाचता येणार नाही म्हणून चिडू नका.

रविवारी मी गाडी घेऊन येते, दोघं जेवायला इकडेच या, चिमीला भेटा, पाहिजे तर राहा. आई, तुझी वापरातली एखादी साडी आण, न धुतलेली, तिच्या खोक्यात घालायची आहे. बाबा, गोळ्यांचं पाकीट घेऊन या, मी मोजणार आहे.

तुमची,
बाय