पापलेटची पिल्ले वाट्यावर

महोदय,

राज्य सरकारने २०२३ मध्ये पापलेटला ‘राज्य मासा’ जाहीर केले. त्याच वर्षी ५४ जातींचे मासे पकडण्यासाठी किमान आकार ठरला. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर. पण पावसाळी बंदी उठून बोटी लागल्या की तळहाताहून लहान पापलेट बाजारात वाट्यावर बिनधास्त विकली जातात. पाच-सहा नग, भाव कमी आणि ‘तळायला बरी’ म्हणत आपणच ती पिशवीत टाकतो. त्यांनी एकदाही अंडी घातलेली नसतात. मग जून-जुलैत ६१ दिवस बोटी किनाऱ्याला बांधून ठेवायच्या कशासाठी?

सातपाटीचे मच्छीमार पापलेटच्या पिल्लांविषयी कधीपासून ओरडत आहेत. दोष एकट्या नाखव्याचा, म्हणजे बोटवाल्याचा, नाही. बारीक आसाच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या, जाळ्यात आलेले पिल्लू बहुधा मेलेलेच वर येते, ते परत समुद्रात टाकून काय उपयोग? म्हणून जाळ्याचा आस बोट निघण्यापूर्वी बंदरातच तपासावा. आणि लिलावात लहान मासा उचलणाऱ्या व्यापाऱ्यालाही दंड व्हावा. कोळणीच्या टोपलीवर धाड घालणे सोपे असते, हे मत्स्यव्यवसाय खात्यालाही ठाऊक आहे.

— एक मत्स्याहारी वाचक, पालघर