एका चिमणीचे दोन हिशेब

महोदय,

हवामान बदलाची जबाबदारी कोणाची, या आपल्या अंकातील चर्चेत बहुतेक वाचकांनी एकच उत्तर दिले : श्रीमंत देशांची. कोळशावरच्या वीज केंद्रात मी २८ वर्षे शिफ्ट केली. मला हे उत्तर निम्मेच पटते.

कार्बन डायऑक्साइडपुरते पटते. हा वायू एकदा हवेत गेला की त्यातला बराचसा शतकानुशतके तिथेच राहतो, म्हणून पणजोबांनी जाळलेला कोळसाही हिशेबात धरावाच लागतो. औद्योगिक क्रांतीपासूनच्या एकूण उत्सर्जनात अमेरिकेचा वाटा सुमारे चौथा हिस्सा, भारताचा जेमतेम ३-४ टक्के. 'जबाबदारी सामायिक, पण वेगवेगळी' हे तत्त्व १९९२ मध्ये रिओच्या वसुंधरा परिषदेत सर्वांनी मान्य केले होते. विकसनशील देशांसाठी २०२०पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करण्याचा श्रीमंत देशांचा कोपनहेगन हवामान परिषदेतला वायदा पुरा व्हायला २०२२ उजाडले. आज दर वर्षी सर्वाधिक कार्बन चीन सोडतो हे खरे, पण म्हणून जुने देणे फिटत नाही.

त्याच चिमणीतून सल्फर डायऑक्साइड, म्हणजे कोळशातल्या गंधकाचा वायूही बाहेर पडतो. तो फार तर काही दिवस टिकतो. त्याचे सूक्ष्म कण बनतात आणि वारा जिकडे वाहील तिकडच्या माणसांच्या फुप्फुसांत जातात. इथे पणजोबा नाहीत आणि अमेरिकाही नाही. ५०० मेगावॅटच्या संचाला २७५ मीटरची चिमणी, हा आमचा ठरलेला उपाय. उंचीने धूर कमी होत नाही, लांब जाऊन पडतो, एवढेच.

राखेचेही तेच. धुरातली राख विजेच्या भाराने पकडणाऱ्या ईएसपी यंत्राचे एखादे फील्ड, म्हणजे एक कप्पा, रात्रपाळीत बंद पडले की वीजनिर्मिती उतरवायची की तसेच रेटायचे? वरून फोन यायचा, मेगावॅट हवेत, चालू ठेवा. अंधारात धूर दिसत नाही. मीही रेटले आहे, लॉगबुकात 'फील्ड आउट' एवढे दोन शब्द लिहून. उत्सर्जन कपातीचा क्योटो करार कोणी धुडकावला याचा त्या रात्रीशी काडीचाही संबंध नव्हता.

आणि हे सारे परवडणे न परवडणे म्हणाल, तर धूर धुऊन त्यातला गंधक काढण्याची यंत्रणा लंडनच्या बॅटरसी वीज केंद्रात १९३०च्या दशकात होती. चीनने २००५नंतरच्या काही वर्षांत ती बहुतेक कोळसा केंद्रांना बसवली, आणि तेव्हा त्यांची वाढ काही थांबली नव्हती. आपल्याकडे गंधकाचे निकष डिसेंबर २०१५ मध्ये आले, मुदत दोन वर्षांची. ती वाढत वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना या यंत्रणेतून सूटच मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी, हे एक कारण सांगितले जाते. गंधक कमी आहे खरे, पण उष्णताही कमी, म्हणून तेवढ्याच विजेसाठी आपण कोळसा जास्त जाळतो, हे कोणी सांगत नाही. (ही यंत्रणा स्वतःही वीज खाते, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.)

पुढच्या वेळी वाचकांना दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत, अशी विनंती : कार्बनचे देणे कोणाचे आणि गंधकाचे कोणाचे. दुसऱ्याच्या उत्तरात परदेशाचे नाव चालणार नाही, एवढी अट घाला.

आपला,
एक निवृत्त शिफ्ट इंजिनीअर