सुभेदारकाका, बाबांच्या काडतुसांबद्दल

सुभेदारकाका,
सप्रेम नमस्कार.

विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी आमची गाडी होती, त्यामुळे तुमच्या खळ्यात नीट बसून बोलणं झालं नाही. हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. आपल्या सिंधुदुर्गात माळ्यावर जुन्या काडतुसांचा डबा असलेलं आमचं एकच घर नसणार.

बाबांची बंदूक शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची, एकनळी, 12 बोअरची. 2024च्या लोकसभेच्या आचारसंहितेत ती नेहमीप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा केली. नंतर बाबा आजारी पडले, गेले, आणि बंदूक तिथेच राहिली. आम्हांला वाटलं विषय संपला. काडतुसं कुणाच्या डोक्यातच आली नाहीत. यंदा गणपतीआधी माळा साफ करताना बिस्किटांचा पत्र्याचा डबा हाती लागला. वर खिळे, टॉर्चचे गळलेले सेल, फ्यूजची तार, आणि त्याखाली ही मंडळी. तेवीस होती. काही लाल प्लास्टिकची, काही जुन्या कागदी नळीची. कागदी होती ती पावसाळ्यांनी फुगून टम्म झालेली, बुडाचं पितळ कळंकून हिरवं पडलेलं.

आता कबूल करते. मागीलदारी पातेऱ्याचा ढीग पेटवलाच होता आणि डबा माझ्या काखेत होता. ओली झालेली काडतुसं म्हणजे मेलेली, अशी माझी समजूत. चुलतभाऊ म्हणाला, "बावीत टाक, पोलिसांचो ताप नको." दोघांचंही एका गोष्टीवर एकमत होतं: ठाण्यात जायचं नाही. बाबांच्या परवान्याची मुदत उलटलेली, परवानाधारक हयात नाही, आणि मी तेवीस काडतुसं घेऊन दारात उभी. कोण ऐकून घेणार? परवान्याच्या कामासाठी एका कचेरीत घातलेल्या खेपा अजून आठवत होत्या.

तुम्ही दुर्वा द्यायला आला होतात म्हणून. डबा बघितलात आणि आवाजही न चढवता म्हणालात, "तां थंयच ठेव. आदी त्या आगीर पाणी वत."

मग पायरीवर बसून तुम्ही जे सांगितलंत ते मी तेव्हापासून दहा जणांना सांगितलंय. काडतूस आगीत पडलं तर बंदुकीसारखं छर्रे मारत नाही, कारण त्याला नळीचा आधार नसतो. पण ते फुटतं, आणि पितळेचा तुकडा नाहीतर बुडाची टोपी, म्हणजे घोडा जिच्यावर आपटतो ती, उडून डोळा जायला तेवढं पुरतं. बावीत टाकलं तर दारू भिजेलच असा भरवसा नाही, शिसं मात्र पाण्यात पडून राहणार, आणि ते पाणी आपण पितो. पुरलं तर पुढच्या पावसात नाहीतर कुणाच्या नांगराला वर येणार. मला आठवलं, बाबा दमट काडतुसं आमसुलांच्या शेजारी सुपात उन्हात ठेवायचे. हे सांगितल्यावर तुम्ही नुसते हसलात.

तुमची उमेदीची वर्षं पुलगावच्या दारूगोळा भांडारात गेली हे गावाला माहीत होतं, पण तुम्ही त्याबद्दल कधी बोलत नाही. त्या दिवशी एवढंच बोललात की 20 नोव्हेंबर 2018ला सोनेगावजवळच्या मैदानावर जुना माल नष्ट करायला नेला होता, खोकी उतरवताना स्फोट झाला आणि सहा माणसं गेली. त्यांत रोजंदारीचे मजूर होते. "जुना झाला म्हणून तो म्हातारा होत नाही गो," असं म्हणालात आणि चहा मागितलात.

तुमचे हात मात्र मी बघत होते. खिळे आणि सेल एकेक करून बाजूला काढलेत. हापूसच्या रिकाम्या खोक्यात वर्तमानपत्राच्या घड्या घातल्यात आणि प्रत्येक काडतूस वेगळं, आडवं, बुडाच्या टोपीला काही लागणार नाही असं ठेवलंत. फुगलेली नऊ वेगळ्या थरात. फुगलेलं काडतूस बंदुकीत शिरतं का म्हणून ठोकून बघणारे महाभाग तुम्ही पाहिलेत म्हणे.

एक काडतूस तुम्ही बराच वेळ उजेडात धरलंत. त्याच्या टोपीवर खळगा होता. म्हणजे चाप ओढला होता, घोडा पडला होता, आणि बार झालाच नव्हता. ते वेगळ्या पुडक्यात गेलं आणि गाडीत शेवटपर्यंत तुमच्या हातात राहिलं.

ठाण्यात थेट खोकं घेऊन जायचं नाही, आधी फोन करायचा, हेही तुमचंच. बाबांचं परवान्याचं पुस्तक आणि मृत्यूचा दाखला घ्यायला लावलात. ठाणे अंमलदारांना काय सांगायचं याची मी वाटेत उजळणी करत होते, त्याची गरजच पडली नाही. त्यांनी 1959च्या शस्त्र कायद्याचं कलम 21 सांगितलं: ताब्यात ठेवणं कायदेशीर राहिलं नाही की हत्यार किंवा दारूगोळा विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचा. डायरीत नोंद झाली, मोजणी झाली, पोच मिळाली. बाबांच्या बंदुकीचं पुढे काय करायचं तेही तिथेच समजलं. त्या अंमलदारांचेही आभार, चहा विचारल्याबद्दल तर खासच. काडतूस नसून बॉम्बसारखं काही सापडलं तर हातही न लावता 112 फिरवायचा, बॉम्ब शोधक व नाशक पथक घरी येतं, हे त्यांनी निघताना दोनदा बजावलं.

काका, मी काडतुसांना घाबरले नव्हते, ठाण्याला घाबरले होते. तुम्ही धोतर बदलून, टोपी घालून माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलात तेवढ्यानं ते गेलं. चुलतभावानं आता वाडीतल्या आणखी दोन घरांचे डबे तुमच्याकडे आणायचं ठरवलंय. त्याला आधी फोन करायला सांगितलंय. डबे तुमच्याकडे आणायचे नाहीत, तुम्हांला तिकडे न्यायचं, हेही.

त्या खळग्याच्या काडतुसाबद्दल आईला विचारलं. तिला आठवत होतं. भात पोटरीला आलं होतं, रानडुकरं खालच्या मळ्यात उतरली होती, आणि बाबा घरी येऊन म्हणाले, फुसकं निघालं. पण त्या रात्री ते उशिरा आले होते. चाप ओढल्यावर काही झालं नाही, तरी नळी मळ्याकडेच रोखून कितीतरी वेळ तसेच उभे राहिले होते, कारण उशिरानंही बार होतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

आई म्हणते, ते तुम्हीच असणार. तुम्ही तेव्हा रजेवर आला होतात.

तुमची,
वरच्या वाडीतली बाय