पक्याला पत्र

प्रिय पक्या,

लिहीन लिहीन म्हणता दिवाळी गेली. तब्येत बरी, शुगर आहे तिथेच. आता मुद्द्याचं ऐक, स्टाफरूममध्ये सांगितलं तर म्हणतात सर तुम्ही फार विचार करता.

यंदा एमएस्सीच्या पोट्ट्यांना पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडचा प्रोजेक्ट दिला, यवतमाळकडच्या एका गावात. अट एवढीच, की एकच रिझल्ट कॉलेजच्या सेमिनारमध्ये सांगायचा आणि ग्रामपंचायतीतही. बहुतेकांनी दोन्हीकडे तीच पीपीटी लावली. बार ग्राफ बघून सरपंच म्हणे, हे आमच्या वॉर्डाचे निकाल आहेत काय! पण एक पोट्टी उठली अन् गावच्या बोलीत सरळ म्हणाली, हातपंपाचं पाणी म्हणजे विष, पोरांचे दात त्यानंच पिवळे पडले. सगळ्यांना कळलं बे, एकूणएक माणसाला.

आठवड्याभरात आशाताईंचा फोन. अर्धं गाव जुन्या उघड्या विहिरीचं पाणी पितंय, ब्लीचिंग पावडरचा पत्ता नाही, घरोघरी जुलाब. फ्लोराइड हाडांत बसायला वर्षं घेतं, जुलाब दोन दिवसांत आडवं करतो.

आता हिला मार्क किती देऊ? समोरचा माणूस ओळखून बोल, हेच तर शिकवतो आपण. लिटरला दीड मिलिग्रॅमची मर्यादा, हे तिनं गाळलं ते एक वेळ ठीक, पण मग प्यायचं काय, हा गावाचा खरा प्रश्न, तो आमच्या सेमिनारमध्येही कोणी विचारला नव्हता, म्हणून तिच्याकडे उत्तरच नव्हतं.

तू हसत असशील. रमण विज्ञान केंद्रात, 28 फेब्रुवारीला, खुद्द रामनच्या फोटोखाली उभा राहून तू पोरांना सांगितलंस की समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे. अरे भैताडा, त्या माणसानं 1921 मध्ये बोटीवर तेच तर खोडून काढलं होतं! वर म्हणे, पोरं खूश झाली ना. त्यावरून आपण बोलणं टाकलं होतं. माझं मत अजून तेच आहे.

तुझी बदली झाली म्हणे, अभिनंदन. वहिनींचा गुडघा कसा आहे? चिनूला नागपूरला पाठव, तर्री पोहे खाऊ घालतो.

पोट्टी परत जायला तयार आहे. तिनं नवा कागद केलाय: हातपंपाचं पाणी धुण्याभांड्याला चालेल, पिऊ नका; उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटलं की उलट वाढतं; विहिरीत आधी ब्लीचिंग, मगच प्या. सोबत पाठवतोय. काकूंना वाचून दाखव अन् विचार, उद्या सकाळी घागर कुठे भराल? त्या जे म्हणतील ते जसंच्या तसं कळव, तुझी अक्कल त्यात घालू नकोस.

तुझाच,
बंड्या