वेग खांबापुरता नको, गावभर मोजा

महोदय,

मुंबई-गोवा महामार्ग आमच्या गावाच्या मधून जातो. चौपदरीकरणानंतर शाळा, रेशन दुकान आणि एसटीचा थांबा एका अंगाला, तर निम्म्या वाड्या आणि भातखाचरे दुसऱ्या अंगाला राहिली. गावाच्या वरच्या उतारावर वेग मोजणारा कॅमेरा बसला, तेव्हा आम्हा सर्वांना हायसे वाटले होते. आता मात्र थांब्यावर उभे राहिले की रोज एकच प्रकार दिसतो : खांब जवळ येताच गाड्यांचे मागचे लाल दिवे लागतात, आणि खांब मागे पडला की नेमकी जिथे माणसे रस्ता ओलांडतात तिथे त्या पुन्हा सुसाट सुटतात. गेल्या श्रावणात शेजारच्या काकू डोक्यावर गवताचा भारा घेऊन भर पावसात कितीतरी वेळ दुभाजकापाशी ताटकळत होत्या. एकही गाडी थांबली नाही.

कॅमेरे निरुपयोगी आहेत, असे मला मुळीच म्हणायचे नाही. कॉक्रेन या संस्थेच्या २०१० सालच्या आढाव्यात ३५ अभ्यास तपासले गेले आणि कॅमेऱ्यांच्या परिसरात मृत्यू व गंभीर दुखापतींचे अपघात ११ ते ४४ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. परंतु ते अभ्यास श्रीमंत देशांतले होते. आपल्याकडे महामार्गावरच शाळा सुटते आणि पावसाळ्यात गुरे डांबरावर येऊन बसतात. गाडीचा वेग ताशी ५० वरून ६५ किलोमीटरवर गेला, तर धडक बसलेला पादचारी दगावण्याचा धोका साडेचार पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

म्हणून गावाच्या दोन्ही टोकांना कॅमेरे लावून, दोन्हींमधले अंतर कापायला गाडीला किती वेळ लागला त्यावरून सरासरी वेग काढावा. मग खांबापुरता ब्रेक दाबून कोणाला सुटता येणार नाही. कॅमेऱ्याआधी ठळक सूचनाफलक लावणे २०२१ पासून नियमानेच बंधनकारक आहे. तो फलक वेलींआड झाकला जाऊ नये, एवढी देखभालही व्हावी, कारण चलन फाडण्यापेक्षा चालकाने आधीच वेग कमी करणे आम्हाला अधिक मोलाचे आहे.

गणपतीला चाकरमान्यांच्या गाड्यांची रीघ लागण्यापूर्वी जिल्हा रस्ता सुरक्षा समितीने महामार्गालगतच्या गावांत येऊन, लोक प्रत्यक्ष कुठे रस्ता ओलांडतात हे पाहावे आणि त्यानुसार कॅमेऱ्यांच्या जागा ठरवाव्यात, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी