रबरी पाय आणि खरी जखम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कृत्रिम पायांवर जखमेची तपासणी शिकवण्याबद्दलचे पत्र आपल्या अंकात वाचले. ‘रबराच्या पायावर शिकून खरी जखम कळते का?’ हा प्रश्न रास्त आहे, पण मी बरीच वर्षे नर्सिंगच्या मुलामुलींना ड्रेसिंग शिकवते आणि माझा अनुभव थोडा वेगळा आहे.

आमच्या मॉडेलच्या तळव्यावर, अंगठ्याच्या मुळाशी, शर्टाच्या बटणाएवढी जखम आहे. भोवती पिवळट, कडक घट्टा. पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येक जण ‘लहान जखम’ लिहून मोकळा होतो. मग मी ओलसर कापसाची काडी हातात देते. ती कडेखालून सरकते आणि चांगली २ सेंटीमीटर आत जाते. वर्ग गप्प. त्यानंतर प्रोब, म्हणजे बोथट टोकाची धातूची सळई, घातली की तळाशी काहीतरी टणक लागते. ते हाड. मधुमेहीच्या पायात असे लागले, तर संसर्ग हाडापर्यंत गेल्याचा संशय घ्यायचा असतो. हा स्पर्श पुस्तकातून कळत नाही, आणि तो पहिल्यांदा रुग्णाच्या पायावर अजमावू देणे मला पटत नाही. संवेदना गेलेल्या पायाचा माणूस ‘दुखतंय’ असे म्हणायचाही नाही. मग सळई वेडीवाकडी घातली, तर ते सांगणार कोण?

दुसरे, ‘जखम बरी आहे’ या शेऱ्याची मला चीड आहे. लांबी, रुंदी, खोली किती. तळाशी लाल दाणेदार भाग किती, पिवळा स्लफ, म्हणजे मेलेल्या पेशींचा ओलसर थर, किती, काळी खपली किती, हे लिहायला हवे. एकाच रबरी जखमेची चार जणांनी चार मापे काढली की वाद होतो आणि पट्टी कुठे धरायची ते पक्के होते.

रबरी पाय गार असतो. त्याला नाडी नाही, वास नाही. १० ग्रॅमच्या, म्हणजे तेवढ्या जोराने दाबल्यावर वाकणाऱ्या, नायलॉन तंतूने संवेदना तपासायला आम्ही एकमेकांचेच तळवे वापरतो. (गुदगुल्या होतात, त्याला इलाज नाही.)

माझी खरी तक्रार रंगाची आहे. मी हाताळलेली बहुतेक मॉडेल गोरी-गुलाबी. दाबामुळे टाचेवर येणारी लाली, म्हणजे बेडसोरची पहिली पायरी, त्यांवर ठसठशीत दिसते. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर ती पटकन दिसत नाही. तिथे बोटांनी चाचपून ऊब, कडकपणा, शेजारच्या त्वचेशी फरक शोधावा लागतो. गुलाबी टाचेवर शिकलेली माझीच एक विद्यार्थिनी वॉर्डात सावळ्या टाचेपुढे ‘त्वचा ठीक’ लिहून पुढे गेली. दोन दिवसांनी तिथे फोड होता. चूक तिची कमी, माझी जास्त.

गडद रंगाचे पायही मिळतात. खरेदीची यादी करणाऱ्यांनी दोन्ही मागवावेत. एकच घेणे शक्य असेल, तर गडद मागवावा.

आपली,
एक परिचर्या शिक्षिका