कूटच्या वेढ्यानंतरची पायपीट

महोदय,

पहिल्या महायुद्धात तुर्कांनी इराकमधल्या कूट या गावाला घातलेल्या वेढ्यावर मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, ते बहुधा २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीपाशी थांबते. खरा संहार त्यानंतर झाला. वेढ्यात ब्रिटिश हिंदी सैन्याची ६ वी पुणे डिव्हिजन अडकली होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या.

सुमारे पाच महिन्यांच्या वेढ्यातल्या उपासमारीने ही माणसे आधीच खंगली होती. अनेक हिंदी शिपायांनी घोड्याचे मांस बराच काळ नाकारल्यामुळे त्यांच्यात स्कर्व्ही (क-जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) पसरली होती. शरणागतीनंतर कूटजवळच्या शुमरानच्या छावणीत तुर्कांनी दगडासारखी टणक बिस्किटे दिली. रिकाम्या आतड्यांना ती झेपली नाहीत. हगवणीने तिथेच माणसे मरू लागली.

मग बगदादपर्यंत सुमारे १०० मैल पायी. तिथून समर्रापर्यंत रेल्वे, आणि पुढे तिक्रीत, मोसुल, निसिबिन, रास-अल-ऐन असा पुन्हा पायी प्रवास, तोही ऐन उन्हाळ्यात. अन्नासाठी बूट विकले गेले, काही लुटले गेले. पाय फुटले की माणूस मागे पडे. मागे पडला की बंदुकीचे दस्ते बसत, नाहीतर त्याला वाटेतच सोडून देत. पाणी थोडे आणि घाण, त्यामुळे हगवण थांबेना. तगले त्यांतल्या अनेकांना बगदाद रेल्वेच्या बांधकामावर जुंपले. अधिकाऱ्यांना बगदादपर्यंत बोटीने नेले होते. डिव्हिजनचे सेनापती जनरल टाउनशेंड तर इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिले!

साध्या ब्रिटिश सैनिकांपैकी सुमारे ७० टक्के कैदेत मेले, ही संख्या सर्वत्र छापली जाते. हिंदी शिपाई आणि छावणीतले नोकर यांची मोजणी मात्र इतकी ढिसाळ होती की त्यांचे आकडे ग्रंथागणिक बदलतात. निदान आपल्या पलटणींच्या मृतांची गाववार यादी मराठीत छापली जावी.

– एक वाचक, पुणे